पदकाची कडी

मला लहानपणापासून एका जागी बसवत नाही. धुळ्याच्या शाळेत बाई मला खडू आणायला, हजेरीचं पुस्तक पोचवायला, घंटा द्यायला पाठवत, कारण मी वर्गात असले की बाकाची कुरकुर थांबत नसे. पुढे कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तेही विषयाच्या ओढीनं कमी आणि प्रयोगशाळेत उभं राहायला मिळतं म्हणून जास्त. अशी मुलगी लग्न होऊन जळगावच्या सराफ बाजारात, एका सोनाराच्या घरात आली. खाली दुकान, वर आम्ही. सोनाराच्या घरात माणसं दिवसचे दिवस मांडी घालून बसतात हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षात मी दोनदा दूध उतू घालवलं, एकदा कुकरची वाफ जाऊ न देता झाकण उघडून हात भाजून घेतला, आणि वरच्या मजल्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की खाली दुकानात गिऱ्हाइकं छताकडे बघायची. शेवटी एका दुपारी सासऱ्यांनी मला हाक मारली. त्यांना घरीदारी सगळे नानाच म्हणत. ते मागच्या खोलीत कामाला बसायचे. शेजारच्या पाटाकडे बोट करून म्हणाले, "आठे बठ. पाय ऱ्हातीन का नही माले ठाव नही, पन हात तरी एक जागावर ऱ्हातीन."

नाना मिन्याचं काम करायचे. मिना म्हणजे सोन्यावर भाजून बसवलेली रंगीत काच. जळगावात सोनं घडवणारे हात कमी नव्हते, पण मिन्याची डागडुजी करणारे फार थोडे. नानांनी ती विद्या तरुणपणी सुरतेला शिकून आणली होती. बुऱ्हाणपूर, रावेर, फैजपूर, पार अमळनेरपर्यंतच्या घरांतून जुने डागिने आमच्याकडे यायचे. कुणाच्या ताइताचा हिरवा रंग उडालेला, कुणाच्या बाजूबंदातल्या फुलाची एक पाकळी गळालेली. कित्येकदा घरच्याच बाईनं चिंचेच्या पाण्यात उकळून चकचकीत करायला जाऊन मिना पांढरट केलेला असायचा. सोन्याला आंबट चालतं, मिन्याला चालत नाही, हे लोकांना सांगून सांगून आमच्या जिभा झिजल्या.

काम मला आवडलं हे कबूल केलं पाहिजे. आणि त्यानं माझा जीव खाल्ला हेही. आधी डागिना रिठ्याच्या कोमट पाण्यात, मऊ केसांच्या ब्रशानं, जणू तान्हं मूल न्हाऊ घालावं तसा धुवायचा. फटीतला मळ बांबूच्या काडीनं काढायचा, सुईनं नाही. मग मिन्याचा खडा खलात पाणी घालून घोटायचा आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. पुन्हा पाणी, पुन्हा ओतणं. नाना हे आठ-दहा वेळा करत, पाणी आरशासारखं होईपर्यंत. मला तिसऱ्या पाण्यालाच वाटायचं की झालं. मग ती ओली पूड टोकदार काडीनं रंग उडालेल्या खड्ड्यात भरायची, सुकवायची, आणि सगळा डागिना भट्टीत घालायचा. आमची भट्टी विजेची होती, तोंड हाताच्या पंज्याएवढं. आत दोन-तीन मिनिटांचाच खेळ. तेवढा वेळ मात्र मी दगडासारखी बसायचे, कारण तिथं काहीतरी घडत असायचं.

नानांचा एक नियम होता. जुना डागिना आगीत घालण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं की हा पूर्वी कधी कुणाच्या हातात दुरुस्तीला गेला होता का. एकदम तीनदा नाही. आल्यावर एकदा, बोलता बोलता एकदा, आणि उठायच्या वेळी एकदा. त्यांचं म्हणणं, पहिल्या खेपेला माणूस नाही म्हणतो, दुसऱ्या खेपेला त्याला आठवतं, आणि तिसऱ्या खेपेला तो सांगतो. मला हे पोरकट वाटायचं. एकदा विचारलं, उत्तर मिळालं, पुढे चला. गिऱ्हाइकांची वाक्यं मीच पुरी करायचे. नवरा थट्टेनं म्हणायचा की आमच्या दुकानात लोकांनी तोंड उघडायचं, बोलायचं काम बायको करते. मी हसायचे, मला ते कौतुक वाटायचं.

नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि भट्टीतल्या आगीचा रंग त्यांना नीट कळेना, तेव्हा भट्टीचं काम माझ्याकडे आलं. गल्लीत तेव्हा रंगीत टीव्ही दोनच घरांत होता, आणि दुपारी एकला जी वीज जायची ती कधी येईल याचा नेम नसायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस होते. लग्नसराई, ऊन असं की पत्र्यावर पापड भाजून निघावा.

अशा एका सकाळी फैजपूरहून दोन बायका आल्या. एक सत्तरीच्या पुढची, ताठ, पांढऱ्याशुभ्र लुगड्यातली. तिला सगळे अक्का म्हणतात हे तिच्या सुनेच्या बोलण्यावरून कळलं. सून पन्नाशीची, अंगानं भरलेली, पण सासूच्या मागे अशी उभी की लहान वाटावी. घरची केळीची शेती. सुनेच्या मुलाचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. सुनेनं गळ्यातून एक पदक काढून माझ्यासमोर ठेवलं.

इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आवळ्याएवढं सोन्याचं गोल पदक, दोन्ही बाजूंनी मिना. पांढऱ्या जमिनीवर हिरवा पोपट, चोचीत लाल फळ. पोपटाच्या पंखाचा एक टवका उडाला होता, आतलं सोनं दिसत होतं. वरच्या कडीला लाल रेशमी दोरा गच्च गुंडाळलेला, मळून काळपट झालेला.

अक्कांनी त्या पदकाची रीत सांगितली. त्यांच्या घरात ते सासूच्या गळ्यातून सुनेच्या गळ्यात जातं. नवी सून आली की दुसऱ्या दिवशी देवापुढे सगळे जमतात, घरातली सगळ्यात मोठी बाई पदक खिडकीशी नेते, उजेडात दोन्ही बाजूंनी बघते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "आहे तसं आहे." मगच ते नवरीच्या गळ्यात पडतं. आता ते बघायचं काम अक्कांचं होतं. पंखाचा टवका उडालेला त्यांना माहीत होता, तो भरून घ्यायला त्या स्वतः सुनेला घेऊन आल्या होत्या.

मी विचारलं, "हे आधी कुठं दुरुस्तीला दिलं होतं का?"

"नही," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरातल्या डागिन्याले परका हात लागत नही."

सून जमिनीकडे बघत होती. मी दोऱ्याकडे बोट केलं. अक्का म्हणाल्या, तो सुनेच्या नवसाचा, तीस वर्षांपासून आहे. सून म्हणाली, "ताई, दोऱ्याचं जरा..." मी म्हणाले, "मावशी, दोरा मी हळूच सोडीन, जपून ठेवीन, परत तसाच बांधून देईन. निर्धास्त राहा." दोघी उठल्या. रिक्षात बसल्यावर सून पिशवी विसरली म्हणून एकटीच परत आली. पिशवी तिच्या हातातच होती. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मले एक सांगाचं व्हतं..." तेवढ्यात अमळनेरचं एक कुटुंब आत शिरलं, बाहेरून अक्कांची हाक आली, आणि मी म्हणाले, "सगळं लक्षात आहे मावशी, आठ दिवसांत या." तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग ती गेली.

मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. अमळनेरच्या लोकांशी बोलता बोलता मी ते विसरूनही गेले.

चार दिवसांनी पदक कामाला घेतलं. दोरा सोडला. कडीच्या बुडाशी मळाचा थर होता. रिठ्यानं धुतल्यावर तिथला डाख करडा-पांढरा दिसला. डाख म्हणजे सांधा. सोन्याचा डाख पिवळाच असतो. मी पाहिलं, हात थबकला, आणि मनात म्हटलं, जुन्या काळचा डाख, फिकट असायचाच. टाचणीनं एक ओरखडा काढला असता तर कळलं असतं. टाचणी समोरच होती. पण पंखात पूड भरून झाली होती, घड्याळात साडेबारा झाले होते, एकला वीज जाणार होती, आणि नाना जेवायला वर गेले होते. मी पदक जाळीवर ठेवून आत सारलं.

पहिलं मिनिट सगळं ठीक होतं. पोपटाचा पंख ओला झाल्यासारखा चमकायला लागला. मग कडीच्या बुडाशी सोनं घामेजल्यासारखं दिसलं. करडा घाम. तो पसरला. कडी एका बाजूला कलली आणि पडली. अशा वेळी भट्टी बंद करून डागिना आतच हळूहळू निवू द्यायचा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी चिमट्यानं पदक ओढून बाहेर काढलं आणि समोरच्या थंड लोखंडी पाटावर ठेवलं. बारीक टिक् टिक् आवाज यायला लागले. पांढऱ्या जमिनीला तडे जात होते. पोपटाच्या मानेपर्यंत एक तडा मी डोळ्यांनी जाताना पाहिला.

नाना खाली आले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पदक बराच वेळ पाहिलं. कडी होती तिथं सोन्याला किडक्या दातासारखं भोक पडलं होतं.

"कथील शे हाई," ते म्हणाले. "कथील सोनाले खाई गयं."

कथील म्हणजे भांड्यांना कल्हई करतात ते. पितळेला ते सांभाळतं, पण तापलं की सोनं खातं. कुणा सोनाराच्या हातून सोन्याला कथलाचा डाख बसणं शक्य नाही. हे कल्हईवाल्याचं काम होतं. मला एकदम सगळं कळलं. ती पिशवी, ते उघडं तोंड, तो नवसाचा दोरा. नानांनी विचारलं, "तीनदा पुसं का तिले?" मी पडलेली कडी चिमट्यानं उचलून पदकाशेजारी ठेवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. कथील त्यांच्या घरात लागलं, तसं त्यांना सांगायचं, आपल्या दुकानाच्या नावाला बोल नको. नानांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले, "आपला हातमा बिघडनं, आपुनलेच सांगाले जानं पडी. त्या येवानी वाट दखानी नही." दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. नाना सोबत येतो म्हणत होते, मी नको म्हणाले.

यावलवरून जाणारी बस. बाहेर केळीच्या घडांनी भरलेले ट्रॅक्टर, आत उन्हानं तापलेली रेक्झिनची सीट. मी सगळा रस्ता वाक्य घोटत होते. "अक्का, तुमच्या घरातल्या डागिन्याला परका हात लागलेला आहे." किती नीट बसतंय, असं वाटत होतं. मला त्या सुनेचा राग आला होता. सांगता येत नव्हतं का? एवढी पन्नाशीची बाई! मधूनच स्वतःचा राग यायचा, पण तो मी झटकून टाकायचे. खरं सांगायचं तर मला जिंकून परत यायचं होतं. तापीच्या पुलावर बस थांबून राहिली तेव्हा मी सीटवरून तीनदा उठले.

अक्कांच्या घरी भिंतींना चुना देणं चाललं होतं. ओट्यावर शेवया वाळत होत्या, अंगणात कुणीतरी मांडवाचे बांबू उतरवत होतं. अक्का माजघरात पाटावर बसल्या होत्या. सुनेनं मला पाहिलं, आणि काहीतरी झालंय हे तिला माझ्या तोंडावरूनच समजलं. तिनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. मी रुमाल उलगडून पदक समोर ठेवलं.

अक्कांनी ते उचललं आणि उठून खिडकीशी गेल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बघणार होत्या तसंच त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाल्या, "आहे तसं नही."

"कशानं झालं हे?" त्यांनी मला विचारलं.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी सुनेकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचं तोंड पुन्हा दुकानातल्यासारखं उघडलं होतं. माझ्याच्यानं ते वाक्य बोलवलं नाही. मला त्या वेळी दया आली की लाज वाटली हे आजही नक्की सांगता येणार नाही. मी म्हणाले, "माझ्या हातून झालं."

"त्यांच्या हातून नही, अक्का," सून म्हणाली. "कडीले कथील व्हतं. म्या लावून घेतलं."

आणि तिनं सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवर पाणी शेंदताना दोर गळ्यातल्या गोफात अडकला आणि कडी तुटली. घरातले सगळे मळ्यात होते. अक्कांना सांगायची छाती झाली नाही. गल्लीत कल्हईवाला आला होता, तिनं घरची दोन पातेली बाहेर काढली आणि पातेल्यांबरोबर पदकही त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं कथील लावून कडी चिकटवून दिली. करडा डाग दिसायला लागला म्हणून तिनं दोरा गुंडाळला आणि नवस बोलल्याचं सांगितलं. तीस वर्षं तिनं तो दोरा सोडला नव्हता. न्हाताना पदक कधी काढलं नाही, कुणाच्या हातात दिलं नाही, झोपेतही कडीवर हात ठेवायची तिला सवय लागली होती.

"तीस वरीस!" अक्का कडाडल्या. "तीस वरीस माह्याजवळ राहून तुले तोंड नव्हतं? सोनाराच्या दुकानात मी काय बोलली? परका हात लागत नही म्हनून मी सांगते, अन् तू बाजूले उभी राहून..."

मला राहवलं नाही. बिचारीची बाजू घ्यावी म्हणून मी मध्ये पडले. "जाऊ द्या अक्का, मावशी तेव्हा लहान होत्या, त्यांना भीती..."

"तुमी थांबा!" सून एवढ्या मोठ्यानं ओरडली की अंगणातली माणसं दाराशी आली. ती मला म्हणत होती, सासूला नाही. "तुमाले सांगाले आल्ती ना मी? परत आल्ती. खोटी पिशवी घेऊन आल्ती. तुमी आईकलं? अक्का, तुमाले किती दाव सांगाले बसली मी. तुमी आईकलं? माह्या तोंडातून एक शबुद निघत नही, तं तुमीच पुढचं बोलता. तुमी दोघी सारख्याच!"

अक्कांनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी सुनेला वाटेत जी नावं ठेवली होती, त्याहून जास्त नावं पहिल्या दिवसापासून मनातल्या मनात या म्हातारीला ठेवली होती. कडक, तोंडाळ, कुणाचं न ऐकणारी. आणि आता ती माझ्यासमोर माझ्यासारखीच अर्ध्या वाक्यात अडकून उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेनं पुढे होऊन अक्कांच्या हातातलं पदक घेतलं. ते मागून घेतलं नाही, नुसतं घेतलं. तडे गेलेल्या पोपटावरून तिनं अंगठा फिरवला.

"मी हे तिच्या गळ्यात असंच घालीन," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "अन् कडी कशी गेली तेबी सांगीन तिले, पहिल्याच दिवशी. तिच्या हातून काही तुटलं, तं त्या पोरीले गल्लीत कल्हईवाला पाहाची पाळी नको याले."

अक्का पाटावर बसल्या.

मग सून माझ्याकडे वळली. "ताई, आगीत न घालता कडी बसंन का?"

भोकाच्या कडेचं खराब झालेलं सोनं कापून काढावं लागेल, डाख न देता रिबिटानं, म्हणजे बारीक खिळ्यानं, कडी जोडावी लागेल, तडे मात्र तसेच राहतील, पंखाचा रंग जुन्या रंगाशी पुरता जुळलेला नाही, माझं चुकलं, फार चुकलं, हे सगळं माझ्या घशाशी आलं होतं. पण तिनं एवढंच विचारलं होतं.

"बसेल," मी म्हणाले, आणि ती आणखी काही विचारते का याची वाट पाहत बसले.